‘तपासलं, ठीक आढळलं’ : विमान कंपन्यांच्या देखभाल नियंत्रण कक्षांना खुलं पत्र

प्रति,
देखभाल नियंत्रण कक्ष, तांत्रिक संचालक आणि सुरक्षा विभाग,
प्रवासी विमानं चालवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : दोन इंजिनांच्या थ्रस्टमध्ये (पुढे रेटणाऱ्या जोरात) फरक पडल्यामुळे रद्द केलेले टेकऑफ आणि त्यांच्या नोंदी मिटवण्याची आपली पद्धत

नमस्कार.

मी लाइन मेंटेनन्सचा माणूस. विमान येऊन उभं राहिल्यापासून पुन्हा निघेपर्यंत हातात टॉर्च घेऊन चाकांपाशी वाकलेला, नाहीतर टेक लॉगची, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीची, वाट बघत कॉकपिटच्या दारात उभा असलेला जो दिसतो, तो. आपलं बोलणं रोज होतं, पण फोनवर आणि घाईत. विमान कधी सोडताय, पार्ट लागणार आहे का, एवढंच. मला जे सांगायचंय ते त्या फोनमध्ये मावत नाही, म्हणून हे पत्र.

टेक लॉगमध्ये मी आजवर हजारो सह्या केल्या असतील. त्यातली एक अजून टोचते. नियमावर बोट ठेवून पाहिलं तर तिच्यात काही चुकलेलं नव्हतं. मॅन्युअलमधली प्रत्येक पायरी केली होती, आकडे मर्यादेत होते, सोबत सहकारी होता. शेवटी मी लिहिलं : तपासलं, ठीक आढळलं.

झालं होतं असं. दोन इंजिनांचं, पूर्ण भरलेलं विमान रात्री रनवेवर गेलं, टेकऑफला सुटलं आणि थोड्याच सेकंदांत थांबलं. दहा-पंधरा मिनिटांनी परत स्टँडवर. मी चाकांना चोक लावले आणि ब्रेकजवळ हाताचा पंजा उलटा धरून पाहिला. ऊब होती, धग नव्हती. म्हणजे वेग फार नव्हता. कॅप्टनने टेक लॉगमध्ये दीड ओळ लिहिली होती : टेकऑफ थ्रस्ट लावताना डावं इंजिन मागे राहिलं, नाक डावीकडे ओढलं, सुमारे ५० नॉट्सला टेकऑफ रद्द.

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडलं. गळती नाही. पंख्याची पाती हाताने फिरवून पाहिली, कुठे घासत नव्हती. इंजिनाच्या संगणकात दोषाची नोंद नाही. मग ग्राउंड रन घेतला, म्हणजे उभ्या विमानावरच इंजिनं चालवून पाहिली. दोन्ही लिव्हर (प्रत्येक इंजिनाचा जोर ठरवणारे कॉकपिटमधले दांडे) एकत्र पुढे नेले, तर दोन्ही इंजिनांचे एन-वनचे, म्हणजे पुढच्या मोठ्या पंख्याच्या वेगाचे, आकडे बैलजोडीसारखे बरोबरीने चढले. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच. तोवर फोन दोनदा वाजून गेला होता. सही केली. विमान गेलं आणि व्यवस्थित पोचलं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या स्टेशनवर तोच प्रकार. तिथल्या इंजिनिअरनेही तेच केलं आणि तेच लिहिलं. त्यानंतर आणखी एकदा. चौथ्या वेळी पहाट होती, रनवे ओला होता. नाक इतकं फिरलं, की मध्यरेषेवरून सुरू झालेले टायरचे काळे पट्टे तिरके होत रनवेच्या कडेकडे गेले होते. कोणाला काही झालं नाही. मी त्या पट्ट्यांचा फोटो नंतर पाहिला. पाहताना जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

मग कोणीतरी विमानाच्या रेकॉर्डरमधला डेटा काढला. चारही वेळचा, एकाखाली एक. त्यात कोड्यासारखं काही उरलंच नाही. दोन्ही लिव्हर एकाच क्षणी, एकाच कोनात पुढे गेले होते. उजव्या इंजिनाचा इंधनप्रवाह लगेच वाढला, डाव्याचा रेंगाळला, आणि काही सेकंदांनी त्यानेही बरोबरी गाठली. हे घडायचं ते विमान बराच वेळ थंड उभं राहिल्यानंतरच्या पहिल्या टेकऑफलाच. माझ्या ग्राउंड रनच्या वेळी ते इंजिन टॅक्सी करून जाऊन-येऊन चांगलं अर्धा तास चाललेलं होतं. मी ज्याची परीक्षा घेतली ते इंजिन तोवर शहाणं झालं होतं. इंधन मोजून सोडणारं युनिट बदललं आणि खोड गेली.

हे पत्र खुलं आहे, तेव्हा या धंद्याबाहेरचे लोकही वाचतील. त्यांच्यासाठी थोडं थांबतो. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण वाचलंत तर बिघडणार नाही.

जेट इंजिन आयडलवर, म्हणजे किमान वेगावर, असतं तेव्हा आळशी असतं. लिव्हर पुढे केलं तरी सुरुवातीला ते फारसं हलत नाही, आणि मग एकदम उसळी घेतं. इंजिनाला मंजुरी देताना अमेरिकी नियम सांगतो, की १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या थ्रस्टपासून ९५ टक्क्यांपर्यंत ते ५ सेकंदांच्या आत पोचलं पाहिजे. आता गंमत बघा. एक इंजिन तीन सेकंदांत पोचलं आणि दुसरं पावणेपाच सेकंदांत, तर दोन्ही पास. पण दोन्ही एकाच विमानाच्या दोन पंखांखाली लटकत असतील, तर मधल्या पावणेदोन सेकंदांत ते विमान सरळ जाणार नाही. नियम एकेका इंजिनाला लागू होतो, जोडीला नाही.

म्हणूनच वैमानिक लिव्हर एका झटक्यात पुढे नेत नाहीत. बोइंग ७३७ वर आधी सुमारे ४० टक्के एन-वन, एअरबस ए३२० च्या बऱ्याच प्रकारांत सुमारे ५० टक्के. तिथे क्षणभर थांबायचं, दोन्ही आकडे जुळले का बघायचं, मग टेकऑफ थ्रस्ट. त्या आळशी टप्प्यातून दोन्ही इंजिनं बाहेर आली की पुढे ती बरोबरीने चढतात. वारा बाजूने असेल किंवा रनवे निसरडा असेल तर हा थांबा आणखी महत्त्वाचा. रांगेत मागे चार विमानं उभी असली की हाच थांबा आकसतो, हे मी कॉकपिटच्या मधल्या सीटवर बसून पाहिलंय. त्याबद्दल वैमानिकांना वेगळं पत्र लिहायला हवं, पण ते माझं काम नाही.

या आकाराच्या विमानांचं इंजिन धडाच्या मध्यरेषेपासून पाचेक मीटर बाहेर असतं. एक बाजू दहा-अकरा टनांच्या जोराने रेटते आहे आणि दुसरी अजून जांभई देते आहे, तर विमान फिरणारच. मंद बाजूकडे नाक वळतं. ते सरळ ठेवायला वैमानिकाकडे दोन गोष्टी असतात. एक शेपटीचं रडर, पण त्याला वारा लागतो, आणि ४०-५० नॉट्सला तो पुरेसा नसतो. दुसरं पुढचं चाक. पायाच्या पेडलने ते जेमतेम सहा-सात अंश वळतं, आणि ओल्या रनवेवर तर ते वळलेल्या अवस्थेतच सरळ घसरत जातं. रडर एकट्याने विमान सांभाळू शकेल असा किमान वेग असतो, त्याला व्हीएमसीजी म्हणतात. एक इंजिन अचानक बंद पडलं तरी विमान मध्यरेषेपासून ३० फुटांच्या आत राहिलं पाहिजे, असा त्याचा निकष. पुढच्या चाकाची मदत त्यात धरतच नाहीत. त्या वेगाच्या खाली इंजिनं वाकडी चालली तर उपाय एकच : दोन्ही लिव्हर मागे. रनवे बऱ्याच ठिकाणी ४५ मीटर रुंद असतो, म्हणजे मध्यरेषेपासून कड साडेबावीस मीटरवर. नाक वळल्यावर ते अंतर फार लवकर संपतं.

कमी वेगात टेकऑफ रद्द करणं ही खरं तर साधी गोष्ट आहे. आमच्या बोलीत आरटीओ, म्हणजे रिजेक्टेड टेकऑफ. परवान्याच्या रांगेशी त्याचा संबंध नाही. ५० नॉट्सला थांबणाऱ्या विमानाची गतिज ऊर्जा १४० नॉट्सला थांबणाऱ्या त्याच विमानाच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढी असते. ब्रेक तापत नाहीत, चाकांतले फ्यूज प्लग वितळत नाहीत, अग्निशमनवाले नुसतेच येऊन बघून जातात. अमेरिकेच्या हवाई नियामकाने उद्योगाबरोबर मिळून १९९० च्या दशकात टेकऑफ सुरक्षेचं प्रशिक्षण साहित्य तयार केलं. त्यातला अंदाज असा, की साधारण ३००० टेकऑफमागे एक रद्द होतो, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश ८० नॉट्स किंवा त्याखाली. सगळं प्रशिक्षण, सगळी चर्चा उरलेल्या थोड्यांवर असते, कारण रनवे संपून विमान बाहेर जातं ते तिथे. ते बरोबरच आहे. पण हे जे तीन चतुर्थांश आहेत, जे कोणाला खरचटू न देता परत येतात, ते कुठे जातात?

माझ्या टेक लॉगमध्ये येतात. दीड ओळीत.

आता मुद्द्यावर येतो. इंजिनं वाकडी चालल्याची नोंद आली की पहिला प्रश्न एकच असायला हवा : लिव्हर मागे राहिलं होतं, की लिव्हर पुढे गेलं आणि इंजिनाने ऐकलं नाही? ही दोन वेगळी कुळं आहेत. लिव्हरच मागे राहिलं असेल तर शोध ऑटोथ्रॉटलची (लिव्हर आपोआप हलवणाऱ्या यंत्रणेची) मोटर, तिचा क्लच, लिव्हरखालचे दुवे, जुन्या विमानांत केबलचं घर्षण, या दिशेला जातो. लिव्हर बरोबर असेल आणि इंजिन मागे असेल तर इंधन मोजणारं युनिट, काँप्रेसरच्या हलत्या पात्या, ब्लीड व्हॉल्व्ह, एखादा खोटं बोलणारा सेन्सर. उभ्या विमानावर ग्राउंड रन घेऊन या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण बिघाड स्थिर आकड्यात नसतो, तो आकडा चढत असतानाच्या त्या तीन-चार सेकंदांत असतो. ग्राउंड रनच्या वेळी आपण विमानाचं तोंड वाऱ्याकडे करतो, इंजिन गरम असतं, लिव्हर जपून हलवतो. ज्या परिस्थितीत ते बिघडलं त्यातली एकही गोष्ट आपण तिथे ठेवत नाही, आणि मग लिहितो की बिघाड दिसला नाही.

उत्तर असतं डेटात. लिव्हरचा कोन, एन-वन, एन-टू (इंजिनाच्या आतल्या गाभ्याचा वेग), इंधनप्रवाह, चार रेषा. दोन्ही बाजूंच्या एकावर एक ठेवल्या की दहा मिनिटांत कळतं कोणत्या कुळात शोधायचं. आजकाल बऱ्याच विमानांतून हा डेटा लँडिंगनंतर आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. तो उघडतात फ्लाइट सेफ्टीवाले, महिन्याच्या बैठकीसाठी. चाकापाशी उभा असलेला, सही करायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला तो दिसत नाही. मागितला तर गोपनीयतेचा नियम पुढे येतो. वैमानिकांवर नजर ठेवायला तो डेटा वापरला जाऊ नये, ही अट मला पूर्ण मान्य आहे. पण इंधन किती गेलं यात कोणत्या वैमानिकाची गोपनीयता आहे?

दुसरी गोष्ट मोजणीची. एकच बिघाड ठरावीक दिवसांत ठरावीक वेळा आला की तो ‘रिपीट’ म्हणून वर चढतो, मग त्याकडे वरची माणसं बघतात. पद्धत चांगली आहे. पण संगणक मोजतो ते एटीए चॅप्टरच्या, म्हणजे विमानाच्या एकेका यंत्रणेला दिलेल्या ठरावीक विभागाच्या, क्रमांकाने. माझ्या त्या विमानाच्या चार नोंदी पुढे मी शोधून काढल्या. पहिली ७३ मध्ये, इंजिनाचं इंधन आणि नियंत्रण. दुसऱ्या स्टेशनवर वैमानिकाने ‘ऑटोथ्रॉटलने लिव्हर नीट लावले नाहीत असं वाटलं’ असं लिहिलं होतं, ती २२ मध्ये गेली, ऑटो फ्लाइट. तिसऱ्यात शब्द होते ‘टेकऑफला डावीकडे ओढतं’, ती गेली ३२ मध्ये, लँडिंग गिअर. तिथल्या बिचाऱ्याने पुढच्या चाकाचं स्टिअरिंग तपासलं, तेही ठीकच होतं. चौथी ७६ मध्ये, इंजिन कंट्रोल्स. चार नोंदी, चार चॅप्टर, आणि तुमच्या संगणकाच्या लेखी प्रत्येक बिघाड पहिल्यांदाच आलेला. आंधळ्यांनी हत्ती चाचपडला तर निदान ते एकमेकांशी भांडले तरी. आम्ही चौघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं.

याचा शेवट कुठे होऊ शकतो हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. ९ जानेवारी २०२१ रोजी श्रीविजया एअरचं बोइंग ७३७-५०० जकार्ताहून निघालं आणि अवघ्या चार-पाच मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. ६२ जण गेले. चढताना ऑटोथ्रॉटल थ्रस्ट कमी करत होतं. उजवं लिव्हर अडकल्यासारखं जागेवरच राहिलं, म्हणून डावं एकटंच मागे मागे येत गेलं. वैमानिकांच्या लक्षात आलं तेव्हा विमान डावीकडे कलंडलेलं होतं. इंडोनेशियाच्या तपास समितीने कागद चाळले, तर त्या विमानावर ऑटोथ्रॉटलची तक्रार २०१३ पासून ६५ वेळा लिहिली गेली होती. अपघाताच्या आधीच्या आठवड्यातही. कधी कनेक्टर साफ केला, कधी स्विच साफ केला, चाचणी घेतली, ठीक आढळलं. लिव्हरखालच्या यांत्रिक भागातल्या अडथळ्यापर्यंत कोणी पोचलंच नाही. ती वाक्यं वाचताना मला माझंच अक्षर दिसत होतं.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ३१ मार्च १९९५ रोजी बुखारेस्टहून ब्रसेल्सला निघालेल्या तारोम कंपनीच्या एअरबस ए३१० मध्ये हुबेहूब हेच झालं होतं. उजवं लिव्हर टेकऑफच्या जागी अडकलेलं, डावं हळूहळू आयडलकडे. ६० जण होते, कोणी वाचलं नाही. दोन अपघातांत जवळपास २६ वर्षांचं अंतर आहे, विमानं वेगळ्या कंपन्यांची, खंड वेगळे.

या दोन्ही विमानांचा टेकऑफ रद्द झाला नव्हता, ही गोष्ट लक्षात घ्या. फरक जमिनीवर दिसला असता तर वैमानिकाने लिव्हर मागे घेतले असते, विमान माझ्यासारख्या कोणाकडे परत आलं असतं आणि सगळे घरी गेले असते. थ्रस्टचा फरक रनवेवर दिसतो तेव्हा त्या बिघाडाने आपल्याला फार स्वस्तात सोडलेलं असतं. त्यालाच आपण क्षुल्लक समजतो, कारण वेग फक्त ५० होता.

एमईएलबद्दलही एक बोलून घेतो. कोणता भाग बंद असताना विमान कायदेशीररीत्या उडू शकतं त्याची ही यादी, आणि तिच्याशिवाय हा धंदा चालणार नाही. ऑटोथ्रॉटल त्यात असतं, रिव्हर्सरही असतो, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान थांबवायला मदत करणारा भाग. पण बंद ठेवलेला रिव्हर्सर म्हणजे दोन बाजूंत मुद्दाम सोडलेला फरक, आणि तो सांभाळायचा असतो थकलेल्या माणसाने. २००६ च्या जुलैमध्ये इर्कुत्स्कला उतरलेल्या एस-सेव्हनच्या ए३१० वर डाव्या इंजिनाचा रिव्हर्सर बंद केलेला होता. उजव्याचा रिव्हर्स हाताळताना डावं लिव्हर नकळत पुढे सरकलं. विमान रनवे ओलांडून गेलं, १२५ बळी. पुढच्याच वर्षी, १७ जुलै २००७ ला, साव पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅमचं ए३२० उतरलं. उजवा रिव्हर्सर बंद, आणि त्या बाजूचं लिव्हर चढाईच्या जागीच राहिलेलं. १९९ बळी. दोन्ही विमानांच्या कागदावर बंद भागाची नोंद नियमात बसणारी होती. मी एमईएल बंद करा म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या विमानावर थ्रस्टच्या फरकाची एखादी जुनी नोंद ‘ठीक आढळलं’ म्हणून मिटलेली आहे, त्यावर रिव्हर्सर किंवा ऑटोथ्रॉटल बंद ठेवून सोडताना फोनवरच्या माणसाने ती जुनी नोंद वाचून दाखवावी. आज ती त्याच्या पडद्यावर येतच नाही.

प्रवाशांच्या बाबतीत लांबण लावत नाही. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांनी कोणाचं समाधान होत नाही. दोन इंजिनं सारखी चढली नाहीत म्हणून कॅप्टनने थांबवलं, असं सरळ सांगितलं तर लोक घाबरतील अशी भीती तुमच्या लोकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. शिडीवरून उतरणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं होतं, मी हाताचे दोन पंजे पुढे धरून एक मागे ठेवून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मग थांबवलं ते बरंच केलं की.’ आणि गेल्या.

वैमानिकांचंही थोडं. ती दीड ओळ लिहून ते निघून जातात, कारण त्यांचे ड्यूटीचे तास भरत आलेले असतात, त्यांनाही घरून नाहीतर रोस्टरवाल्यांकडून फोन येत असतात. मला मात्र त्यांच्याकडून चार गोष्टी हव्या असतात ज्या कोणत्याही रेकॉर्डरमध्ये नीट सापडत नाहीत. वारा कुठून जाणवला? लिव्हर हाताने लावले की ऑटोथ्रॉटलने? मधला थांबा घेतला होता का? नाक ओढल्याचं पायाला आधी कळलं की आकड्यावर आधी दिसलं? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका सहवैमानिक मुलीने मला दिलं होतं. ती म्हणाली, ‘पायाला. पडद्यावर मी नंतर बघितलं.’ तेवढ्यावरून मला कळलं की फरक फार झपाट्याने वाढला होता, आणि शोध कुठून सुरू करायचा तेही कळलं. टेक लॉगमध्ये तिने यातलं काहीच लिहिलं नव्हतं, कारण तिथे पायाला काय वाटलं ते लिहायला रकाना नाही.

आता मला काय हवंय ते सांगतो, म्हणजे नुसता राग काढला असं व्हायला नको.

थ्रस्टच्या फरकामुळे टेकऑफ रद्द झाला असेल, वेग कितीही असो, तर त्या टेकऑफचा डेटा बघितल्याशिवाय विमान सोडायची सही मागू नका. बाहेरच्या स्टेशनवर डेटा उतरवायची सोय नसेल तर ज्या कक्षात ती आहे तिथल्या माणसाने तो उघडावा आणि मला फोनवर चार रेषा वाचून दाखवाव्यात. रात्री अडीचला असा माणूस जागा हवा. तो पगार तुम्हाला परवडतो.

कॅप्टन आणि इंजिनिअर यांची समोरासमोर पाच मिनिटं भेट झाल्याशिवाय क्रू विमानापासून हलू नये. हे अनेक ठिकाणी होतं, माणसांच्या चांगुलपणावर होतं. ते कार्यपद्धतीत लिहा.

इंजिन थंड असताना दिसलेला बिघाड इंजिन थंड करूनच तपासू द्या. याला तास लागतात, मला ठाऊक आहे. सध्या ते तास ४१ क्रमांकाच्या डिले कोडखाली, विमानातला बिघाड म्हणून, माझ्या शिफ्टच्या नावावर चढतात आणि महिनाअखेरीस भिंतीवरच्या तक्त्यात लाल होऊन लागतात. त्या तक्त्यासमोर उभं राहून चहा पिणाऱ्या तरुण इंजिनिअरला ‘सुरक्षितता सर्वप्रथम’ हे पोस्टर शेजारच्याच भिंतीवर दिसतं. तो कुठला कागद खरा मानतो हे मी रोज पाहतो. अशा तपासणीचे तास त्या तक्त्यात धरू नका.

आणि ‘तपासलं, ठीक आढळलं’ या शब्दांनी ही नोंद मिटवता येणार नाही, असं करा. बिघाड सापडला नसेल तर मला ‘सापडला नाही’ असं लिहू द्या, आणि नोंद पुढच्या काही टेकऑफपर्यंत उघडी राहू द्या, म्हणजे पुढच्या स्टेशनवरच्या माणसाला आणि पुढच्या कॅप्टनला ती दिसेल. ‘ठीक आढळलं’ आणि ‘सापडला नाही’ या दोन वाक्यांत पुढच्या माणसाच्या दृष्टीने केवढा फरक आहे ते मी ते काळे पट्टे पाहिल्यावर शिकलो. पुढच्या कॅप्टनने ती नोंद वाचली तर तो लिव्हर हातात घेतल्यावर क्षणभर जास्त थांबेल, आणि मला तेवढंही पुरे आहे.

या पत्राला पोच देऊ नका, बैठक बोलावू नका. तुमच्या संगणकावर गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी काढा. चॅप्टर २२, ३२, ७३, ७५ आणि ७६ वेगवेगळे न बघता एकेका विमानाच्या नोंदणी क्रमांकाखाली तारखेने लावा, आणि ‘ओढतं’, ‘मागे राहिलं’, ‘फरक’, ‘टेकऑफ रद्द’ असे शब्द त्यात शोधा. संध्याकाळभराचं काम आहे. किती निघाले ते मला कळवायची गरज नाही. ज्या विमानावर दोनाहून जास्त निघतील, त्याचा मुक्काम आज रात्री जिथे आहे त्या स्टेशनवर कळवा. तिथे पहाटे कोणीतरी ते थंड इंजिन सुरू करणार आहे.

कळावे.

आपला,
रात्रपाळीचा एक लाइन मेंटेनन्स इंजिनिअर